घोडी धुवून आणू नका

पुतण्याने वरातीसाठी घोडी घेतली आणि खोगीर-लगाम कुठल्या दुकानातून घेऊ म्हणून मला विचारायला आला. मी बाजारात मेथी घेतानासुद्धा जुडी सोडून आतल्या काड्या बघते, तेव्हा माझा सल्ला किती सरळ असणार हे त्याने ओळखायला हवं होतं. दाराला गोंडे, आरसे आणि कवड्या टांगलेल्या दिसल्या की भुलून आत शिरू नकोस, असं मी त्याला सांगितलं. ते सगळं नवरदेवासाठी असतं. घोडीसाठीचं दुकान ओळखायची माझी एकच खूण आहे, आणि ती मला बारामतीतल्या एका म्हाताऱ्याने शिकवली. त्याला मी आधी पक्का लबाड समजत होते.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. सासर सुप्याकडच्या कोरडवाहू पट्ट्यातलं. मेंढरं कमी होत होत साठावर आली होती, आणि धाकटा दीर लोणी देवकरला कंपनीत लागला होता. दिवाळी झाली की नवरा, सासरे आणि मी इंदापूरकडच्या बागायती भागात निघायचो. तिकडचे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेत. दर दोन-तीन दिवसांनी मुक्काम हलायचा. गडीमाणसं पहाटे मेंढरं घेऊन पुढे जायची, आणि अंथरूण, भांडी, पिठाची पोती, मेंढरं कोंडायची जाळी म्हणजे वाघर, असं सगळं बिऱ्हाड घोडीवर चढवून मी मागून जायची.

घोडी माझी होती. वडिलांनी आंदण म्हणून दिलेली. माहेरचं माझ्याजवळ एवढंच होतं, आणि त्या वर्षी निघायच्या आधी तिच्या खांद्याच्या उंचवट्याजवळ, उजव्या अंगाला, रुपयाएवढी जागा सोलवटली. मी कुणाला बोलले नाही. कारण त्याच आठवड्यात एक घोड्यांचा व्यापारी घरी येऊन गेला होता. त्याने घोडीचे दात बघितले, आणि सासऱ्यांनी त्याला चहा पाजला. पाठ गेलेली घोडी बिऱ्हाडाला कामाची नाही, त्यापेक्षा टेम्पो बरा, असा विचार कुणाच्याही डोक्यात आला असता. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून.

मग सासरे म्हणाले, जाता जाता बारामतीत नवीन खोगीर करून घेऊ. मला वाटलं, विकायची घोडी सजवूनच विकतात. निघायच्या पहाटे मी तिला घासूनपुसून धुतली आणि आयाळ उजवीकडे विंचरून, तेल लावून, सोलवटलेल्या जागेवर बसवून टाकली.

दुकान कसलं, दोन भिंतींमधली बोळच होती. आत चामड्याचा आणि ओल्या लोकरीचा वास. म्हातारा दाभण घेऊन जमिनीवर बसला होता. सासऱ्यांना बघताच तो उठला, आणि दोघं कोपऱ्यात जाऊन हळू आवाजात बोलायला लागले. बोलताना सासऱ्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा घोडीकडे बघितलं. झालं, माझी खात्री पटली. व्यापारी, सासरे आणि हा, तिघांचं आधीच ठरलेलं होतं.

सासरे तंबाखू आणायला गेले आणि म्हातारा बाहेर आला. त्याने घोडीच्या पाठीवरून हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

“धुवून आनली व्हय? आता पाठ काय बोलनार?”

मी म्हटलं, बाजाराच्या गावात घाण जनावर कसं आणायचं? त्याचा हात आयाळीखाली गेला तशी घोडी शहारली. मी म्हटलं, माशा फार झाल्यात. मग त्याने विचारायला सुरुवात केली. वजन किती, वाट चढाची का सपाट, मध्ये सामान उतरवता का? दुकानदाराने माप घ्यावं आणि वस्तू द्यावी, या चौकशा कशाला? शेवटी त्याने विचारलं, सामान चढवतं कोण? माझ्या मनाने लगेच घेतलं की हा घोडीत खोट नाही सापडली तर माझ्यात काढणार, बाईमाणसाला जमत नाही म्हणणार. मी सांगितलं, मालक चढवतात. ते उंच आहेत, दोन्ही बाजूंनी सारखं बांधतात.

त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मी म्हटलं, आत काय भरता ते आधी दाखवा. लोक खोगीरभरती म्हणतात ती उगाच नाही, शिंप्याकडच्या चिंध्या कोंबल्या असतील तर? माझ्यासारखीला कुणी दुकानातून हाकलून दिलं असतं. त्याने तयार खोगिराची शिवण तिथंच उसवली, माझा हात धरून आत घातला आणि लोकर चाचपायला लावली. लोकर चांगली होती, हे मला कबूल करावं लागलं. तिसऱ्या प्रहरापर्यंत त्याने खोगीर घोडीच्या पाठीवर बसवून दिलं आणि बजावलं, आठ दिवसांनी घोडी परत आणा, पण वाटेत धुऊ नका, पुसूही नका, खोगीर चढवूनच आणा. मी मनात म्हटलं, हं, म्हणजे पुन्हा काहीतरी गळ्यात मारायची सोय.

आठ दिवसांनी मी गेले नाही. पंधरवड्याने ती जागा उघडली. रुपयाएवढी होती ती तळहाताएवढी झाली, आणि मुक्काम हलवायच्या दिवशी घोडी खोगीर बघून मागे सरायला लागली. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. त्या म्हाताऱ्याने मुद्दाम वाईट शिवून माझी घोडी खराब केली, म्हणजे व्यापाऱ्याला स्वस्तात मिळेल! नवरा आणि सासरे मेंढरांबरोबर पुढे गेले होते. बारामती दोन-अडीच तासांवर होती. जखमेवर जुनेर टाकून मी खोगीर आणि थोडं सामान चढवलं, आणि तिला धुवायच्या भानगडीत न पडता तशीच भरउन्हात घेऊन निघाले. पुरावा पाठीवर असलेला बरा, एवढीच माझी अक्कल.

दुकानासमोर जाऊन मी तोंडाला येईल ते बोलले. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. म्हातारा ऐकत ऐकत उठला, दोर सोडले, खोगीर उतरवलं आणि घोडीमागे जाऊन उभा राहिला. डावं अंग सगळं घामाने भिजून काळं पडलं होतं. उजव्या अंगाला, जखमेच्या खाली, हातभर पट्टा कोरडा ठाक.

“जितं लई दाबतं तितं घाम फुटत न्हाय,” तो म्हणाला. “ह्ये डाव्या अंगाला उभं ऱ्हाऊन, सगळा दोर आपल्याकडं वढून बांधलंय. बांधनारं मानूस ठेंगनं हाय. दुसऱ्या अंगाला जातच न्हाय. सामान तुमीच चढवता न्हवं, सूनबाई?”

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते माझ्या तोंडावर पडलं असणार. मी मान खाली घालून हो म्हटलं. मालक उंच आहेत म्हणून मी सांगितलं होतं, आणि त्याने उंच माणसाच्या, दोन्हीकडून सारख्या ओढीला सोसेल असं खोगीर शिवून दिलं होतं. चूक माझी होती. माझ्या मानापायी घोडीने पंधरा दिवस ते अंगावर काढलं होतं.

त्याने आतली लोकर हलवली, जखमेच्या जागी पोकळी ठेवली आणि उजव्या अंगाला दोर अडकवायला एक जास्तीची कडी शिवली. जखम भरेपर्यंत पाठीवर काहीही टाकायचं नाही, अशी ताकीद दिली. मी पायरीवर बसून बघत होते. शेवटी धीर करून विचारलं, त्या दिवशी आमचे सासरे कोपऱ्यात तुम्हाला काय सांगत होते?

म्हाताऱ्याने दाभण खाली ठेवलं.

“आबा म्हनले, घोडी सुनंच्या म्हायेरची हाय. व्यापारी मागं लागलाय, पर मी इकनार न्हाय. पाठ गेली तर पोरगी रडंल, तवा नीट शिव.”

मी पदर तोंडाला लावून तिथंच रडले. घोडी शेजारी उभी राहून लोकर हुंगत होती.

तर पुतण्याला मी एवढंच सांगितलं, की जो दुकानदार घामाची घोडी बघायला मागेल आणि तुझ्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही, त्याच्याकडून घे. गिऱ्हाइकाने दुकानदारावर संशय घेतला तर फारसं काही वाचत नाही. दुकानदाराने घेतला तर घोडीची पाठ वाचते.

महिनाभराने जखम भरली; तोवर बिऱ्हाड शेतकऱ्यांच्या बैलगाड्यांतून हललं. तिथं आलेले केस पांढरे होते, ते शेवटपर्यंत तसेच राहिले. सासऱ्यांना मी खोटं बोलल्याचं कधी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. म्हाताऱ्याने निरोप धाडला होता की काय, असा माझा अजून संशय आहे. कारण घोडीवर पुन्हा बिऱ्हाड चढवायला घेतलं त्या पहाटे मेंढरं नवऱ्याबरोबर पुढे गेली आणि सासरे मागे थांबले. ते घोडीच्या उजव्या अंगाला येऊन उभे राहिले, आणि मी वरून टाकलेला दोर त्यांनी आपल्या बाजूला ओढून धरला.