परतवाडा आला की चहा ठेवायचा

शुक्रवारची आमची घरसभा दर आठवड्याला वेगळ्या घरी भरते. गाणी होतात, बायबलचं वचन होतं, प्रार्थना होते, चहा होतो. मंडळी गेल्यावर घर आवरायला घ्यावं, तर कुणाची तरी चमची नाहीतर कुणाचा तरी चष्मा मागे राहिलेला असतो. किस्सेही असेच राहून जातात हो! परत करावेत म्हटलं तर कुणाला? लग्न होऊन मी अमरावतीला आले तेव्हापासूनचा साठा आहे माझ्याकडे. आता ठेवायला जागा उरली नाही, म्हणून म्हटलं तुमच्या हवाली करावेत.

सभा म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. गल्लीतली आणि आसपासची मोजकी ख्रिस्ती घरं. त्यातले सगळ्यात वडीलधारे योहानकाका. एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. उभी नोकरी अमरावती-धारणी गाडीवर काढली. वलगाव, आसेगाव, परतवाडा, मग मेळघाटातली वळणं चढत सेमाडोह, हरिसाल आणि शेवटी धारणी. आवाज असा की गाडीचा हॉर्न बिघडला असता तरी काही अडलं नसतं!

*

माझं माहेर नगरचं. आमच्याकडे देवाशी बोलायचं ते इस्त्रीच्या भाषेत. लग्नानंतरच्या पहिल्याच सभेत मला प्रार्थना करायला सांगितली. मी "हे परमदयाळू, परमपवित्र, स्वर्गस्थ पित्या"पासून सुरुवात केली, सगळी विशेषणं जागच्या जागी लावली आणि आमेनवर सुखरूप येऊन उतरले. मनात म्हटलं, सासर जिंकलं!

डोळे उघडते तर समोर काका.

"सूनबाई, प्रार्थना चांगली झाली. पन एक सांग, तू त्याच्याशी पाहुन्यासारखी काहून बोलून राहिली? घरचाच हाय तो!"

मला असा राग आला! घरी आल्या आल्या नवऱ्याला म्हटलं, "तुमच्याकडची माणसं अशीच बोलतात का?"

नवरा शांतपणे म्हणाला, "नाही. आज नवी नवरी म्हणून तुले सोडलं."

*

सभेची शेवटची प्रार्थना काकांची, हे कुणी ठरवलं नव्हतं पण ठरलेलं होतं. आणि ती प्रार्थना अमरावतीच्या स्टँडवरून सुटायची. आधी ज्या घरी बसलोय ते घर, मग गल्ली, मग शहरातले दवाखाने, मग वलगाव. दर थांब्यावर ओळखीचं कुणी ना कुणी उभं असायचंच. आसेगावला संत्र्याच्या बागवाल्याचा दुखरा गुडघा. परतवाड्याला जुन्या कंडक्टरची लग्नाची लेक. सेमाडोहला जंगलातला गार्ड. हरिसालला शाळेतली पोरं. काका एकेकाला नावानिशी गाडीत घ्यायचे, "बापा, हा आपलाच हाय, याले जरा बसाले जागा देजो" म्हणायचे, आणि पुढे निघायचे. धारणी आली की आमेन.

आता एवढ्या लांबच्या प्रवासात चहा ठेवायचा कधी? आमच्या घरी पहिली सभा झाली तेव्हा मी प्रार्थना सुरू होताच गॅस पेटवला. आमेन ऐकू आलं तेव्हा पातेल्यात चहा नव्हता, काढा होता. काकांच्या बायकोनं, शांताकाकूंनी, मला बाजूला घेतलं.

"सूनबाई, परतवाडा आला का चहा ठेवाचा. सेमाडोहले दूध. हरिसालले गाळाचं. धारनीले कप हातात!"

त्या दिवसापासून माझा चहा कधी चुकला नाही. गल्लीतल्या सगळ्याच बायकांचं घड्याळ हेच. बाहेर मंडळी डोळे मिटून बसलेली असायची, काकांच्या तोंडून परतवाडा निघायचा, आणि आत स्वयंपाकघरात लायटर वाजायचा. टक-टक!

*

मग आले आमच्या चर्चचे नवे पाळकसाहेब. वयानं तरुण, शिस्तीचे. राहायला अकोल्याला. तिथली मंडळी आणि आमची मंडळी, दोन्ही त्यांच्याकडे. शुक्रवारी सभा आटोपून त्यांना अकोल्याची बस गाठायची असायची. त्यांनी पहिल्याच महिन्यात काकांना सांगून टाकलं, "काका, प्रार्थना थोडक्यात असावी. देवाला सगळं ठाऊक असतंच."

"बरोबर हाय सायब," काका म्हणाले. डोळे मिटले. "बापा, आज गाडी नॉनस्टॉप हाय. मधले प्यासेंजर तूच पाहून घेजो. आमेन."

संपलं!

सभा होती मार्थाबाईंच्या घरी. मार्थाबाई म्हणजे शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, हुकमी आवाजाच्या. त्या आत पातेल्यात पाणी घालून परतवाड्याची वाट पाहत उभ्या. परतवाडा काही आलाच नाही! आणि चहा घेतल्याशिवाय मार्थाबाई कुणाला उंबरा ओलांडू देत नाहीत, पाळकांनाही नाही. पाणी तापलं, दूध तापलं, तोवर सगळी सभा एकमेकांची तोंडं बघत बसली. साहेबांची बस गेली.

पुढच्या शुक्रवारी साहेब स्वतःच म्हणाले, "काका, आज ऑर्डिनरी येऊ द्या. सगळे थांबे घेत."

*

याच मार्थाबाईंचं शेजारणीशी हाडवैर. कारण काय, तर शेवग्याचं झाड मार्थाबाईंच्या अंगणात आणि शेंगा लोंबायच्या शेजारणीच्या. एका रविवारी उपदेश झाला तो शत्रूवर प्रीती करण्याचा. मार्थाबाई मनापासून ऐकत होत्या. शुक्रवारी प्रार्थनेचे विषय विचारले तेव्हा पहिला हात त्यांचा.

"माझ्या शेजारणीसाठी प्रार्थना करा."

सगळे गहिवरले. साहेबांनी तर डोळे पुसले, आपला उपदेश कुणाला तरी लागला म्हणून!

"काय मागायचं, बाई?"

"तिच्या नवऱ्याले मोठं प्रमोशन भेटो," मार्थाबाई म्हणाल्या. "आन बदली गडचिरोलीले होवो."

सांगायची गोष्ट अशी की प्रमोशन मिळालं! गडचिरोली नाही, पण नागपूर तर झालं. शेजारीण पेढे घेऊन आली. "बाई, तुमी माह्यासाठी देवाजवळ मागनं मागतलं म्हने. सख्खी बहीन नाई करत वं इतकं!" आणि मार्थाबाईंच्या गळ्यात पडून ती हमसून रडली. तिला काय ठाऊक मागणं पुरतं काय होतं ते!

त्या कुटुंबाचा टेम्पो गेला. शेवगा लगडला. सगळ्या शेंगा आता मार्थाबाईंच्याच. पुढच्या शुक्रवारी विषय विचारले तर बाई खाली मान घालून बसलेल्या. मान वर न करताच म्हणाल्या, "साहेब, ती प्रार्थना वापस घेता येते का?"

*

आमच्याकडे हंगामाचा सण असतो. शेतात पिकलेलं, परसात वाढलेलं पहिलं काहीतरी लोक देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आणतात. सोयाबीन, कापसाची बोंडं, कोहळी, लिंबं. उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो, आणि मंडळी हौसेनं बोली लावते. एका वर्षी मंडळीतल्या दर्यापूरकडच्या एका भावानं कोंबडा आणला. साहेबांनी उत्साह वाढावा म्हणून सहज पहिली बोली लावली. दुसरी कुणी लावलीच नाही!

तर साहेब कोंबडा काखेत घेऊन अकोल्याच्या बसकडे निघाले. पोचवायला काका होतेच. कंडक्टरनं कोंबड्याचं तिकीट मागितलं. साहेब चकित. "अहो, हा देवाच्या घरचा आहे!"

साहेबांना वाटलं काका बाजू घेतील. काका खिडकीतून म्हणाले, "तिकीट काढा सायब. देवाच्या घरचे तर तुमीबी हाव. तुमी काढलं ना?"

तो कोंबडा कापायचा धीर साहेबांना झाला नाही. अकोल्याच्या देवळाच्या आवारात तो अजून आहे. रविवारी भल्या पहाटे असा आरवतो की सगळी आळी उठून बसते. अकोल्याची मंडळी उपासनेला वेळेवर यायला लागली. साहेबांचं शिस्तीवरचं भाषण जे करू शकलं नाही, ते त्यानं केलं!

*

एक आठवण काकांच्या घरची. भिंतीला भिंत लागून शमीमभाभींचं घर. त्या शिवणकाम करतात. सभा काकांकडे असली की त्या काकूंच्या मदतीला येतात. रमजान होता आणि शुक्रवारही. भाभी दारात बसून रोजा सोडायला टोपल्यात खजुरांशेजारी केळी कापून ठेवत होत्या. काकांची प्रार्थना आसेगावपर्यंत आली, आणि तेवढ्यात लांबून मशिदीची अजान ऐकू आली.

काका थांबले. "बापा, गाडी इथं जरा उभी करतो. भाभीचा रोजा सुटाचा हाय."

सगळ्यांनी डोळे उघडले. भाभींनी खजूर तोंडात घातला, पाणी प्यायल्या, आणि मग लाजत टोपलं आमच्याकडे सरकवलं. आम्ही सगळ्यांनी एकेक खजूर खाल्ला. काकांनी बी हातात धरली, डोळे मिटले आणि आसेगावहून गाडी पुढे काढली.

भाभी म्हणाल्या, "चाचा की गाडी में टिकट नहीं लगता."

मी देवावर पुष्कळ उपदेश ऐकलेत. देवाचं प्रेम म्हणजे काय म्हणून कुणी विचारलं तर मला मात्र ती उभी राहिलेली गाडीच आठवते. मला ते सभेत कधी सांगता आलं नाही, आणि सांगावंसंही वाटलं नाही.

*

गेल्या उन्हाळ्यात काकांना लकवा मारला.

जीव वाचला. पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही येणार, बोलायची सवय सोडू नका. पण काकांनी तोंड उघडणंच सोडलं. एकदा प्रयत्न केला होता, तेव्हा भलताच आवाज निघाला आणि आलेला पाहुणा दचकला. तेव्हापासून ओठ बंद. सभेला यायचंही बंद. काकू त्यांना किती विनवायच्या! ते डाव्या हातानंच नाही म्हणायचे.

"त्याइचं म्हननं असं," काकू त्या हाताचा अर्थ आम्हाला सांगायच्या, "का बंद पडलेली गाडी डेपोतच बरी. स्टँडवर आनून लोकायले कायले दाखवाची?"

सभा चालू होती. शेवटची प्रार्थना साहेब करायचे. चांगली करायचे. पण एकीचाही चहा जमेना! कधी आमेन व्हायचं आणि पाणीही तापलेलं नसायचं, कधी सगळा उतू जायचा. एका शुक्रवारी माझ्या घरी दूध नासलं आणि मी त्या पातेल्यासमोर उभी राहून रडले. दुधासाठी नव्हे. मी देवावर रागावले होते, सरळ सांगते. म्हटलं, "तुला सगळ्या अमरावतीत न्यायला हाच आवाज सापडला? दुसरा नव्हता?" परमदयाळू नाही, स्वर्गस्थ नाही, काही नाही. इतक्या वर्षांत मी त्याच्याशी पहिल्यांदा घरच्यासारखी बोलले.

मग शांताकाकूंनी कुणाला न विचारता जाहीर केलं, "या शुक्रवारी सभा आमच्या घरी."

आम्ही गेलो तेव्हा काका भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. भाभींनी आणि काकूंनी मिळून खुर्चीच आमच्याकडे फिरवली. आता त्यांना उठून जाता येत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. गाणी झाली. मार्थाबाईंनी वचन वाचलं. काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. आणि साहेबांनी घड्याळाकडे पाहत, सवयीनं, अगदी नेहमीसारखं म्हटलं, "हं काका, शेवटची प्रार्थना."

म्हणून गेले, आणि तोंडावर हात ठेवला. चेहरा पांढराफटक. मार्थाबाई सावरायला म्हणून तोंड उघडणार, एवढ्यात आवाज आला.

"बा..."

काका होते.

"बा... पा."

आम्ही माना खाली घातल्या. मी डोळे मिटले नाहीत, मला मिटवेनात. काकांच्या कपाळावर घाम आला होता. ओठ वाकडे होत होते, पुन्हा सरळ होत होते.

"व... वल... गाव."

दारात भाभींनी पदर तोंडाशी धरला. साहेबांची बस निघायची वेळ झाली होती. त्यांनी मनगटाकडे पाहिलं नाही.

"आ... से... गाव."

आणि तिथे अडलं. काका जोर लावत होते, आवाज निघत नव्हता. पुढचं नाव माझ्या अगदी ओठावर होतं. सगळ्यांच्याच असणार. पण कुणी सांगितलं नाही. काकांचा डावा हात मांडीवरून उठला, मूठ वळली, आणि गिअर टाकावा तशी ती गुडघ्यापाशी पुढे सरकली.

"पर," काका म्हणाले. "पर... त... वाडा."

आत लायटर वाजला. टक-टक.