हुपरीत वारलेले बाबा

मद्रासचं नाव नुकतंच चेन्नई झालं होतं. बाबांच्या पायाचं ऑपरेशन झाल्यामुळे ते स्टेशनावर येऊ शकले नाहीत. दारातूनच म्हणाले, "वैनीला साडी दे. आन् आण्णाच्या पाया पड." वयाच्या सव्विसाव्या वर्षी मी पहिल्यांदाच वडिलांच्या गावाला निघाले होते.

आई तमिळ ख्रिश्चन, बाबा हुपरीचे लिंगायत. लग्न केल्यापासून ते गावी गेले नव्हते. आईशी मी तमिळ बोलायचे, बाबांशी मराठी, तीही हुपरीची. शाळेत मला 'वडक्कत्ती' (उत्तरेकडची) म्हणत, तर मुंबईच्या नातेवाइकांत मी मद्रासी. हुपरीत तरी मी हुपरीची असेन, एवढीच माझी अपेक्षा होती.

मिरजेला गाडी बदलून कोल्हापूर गाठलं आणि स्टँडवरून हुपरीची एसटी पकडली. दोन्ही बाजूंना ऊस आणि पुढे सावकाश चाललेल्या ट्रॉल्या. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुठलं पावणं?"

"मद्रासचं."

"आन् बोलतीस तर आमच्यावानी की."

इतकं सुख मला कुठल्या कौतुकानं झालं नव्हतं.

हुपरीत शिरताच हातोड्यांची टकटक सुरू होते. घरोघरी चांदीचं काम. उंबऱ्यावर बसून बाया पैंजणांच्या कड्या जोडत होत्या. आण्णांचं, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचं घर विचारताच पहिल्याच बाईनं दाखवलं. काकूंनी पायांवर पाणी घातलं, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि रडल्या. "डोळं बापाचं हाईत," म्हणाल्या. साडी पाहून त्यांनी ती गालाला लावली. जेवायला भाकरी, झुणका आणि खर्डा (ठेचलेली हिरवी मिरची) होता. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. चुलतबहीण सविता हसत सुटली, आण्णाही हसले. तोवर सगळं मला हवं होतं तसंच चाललं होतं.

मग शेजारीण डोकावली. काकू लगेच म्हणाल्या, "सविताची मैत्रीण हाय. पुण्याची."

मला वाटलं, चुकून बोलल्या. शेजारीण गेल्यावर आण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज जयसिंगपूरचं पावणं सविताला बघाय येणार हाईत. तेवढं मैत्रीणच ऱ्हा. पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय."

सविताकडे पाहून मी मान डोलावली.

दुपारी पाहुणे आले. काकू मी आणलेली साडी नेसून बसल्या. मी पोह्यांच्या बशा फिरवत होते. मुलाच्या आजीने कानडीत काहीतरी विचारलं आणि आण्णा शांतपणे म्हणाले, "तम्म सत्तु होद."

मला कानडी येत नाही, पण तमिळ येते. तम्म म्हणजे तंबी, धाकटा भाऊ. सत्तु होद म्हणजे आमच्याकडचं सेत्तु पोनान. मेला.

त्याच वेळी आजींनी काकूंचा पदर हातात घेतला. "कुठनं आणली गं? काठ लई झ्याक हाय."

काकू आण्णांकडे बघू लागल्या. मी बशी खाली ठेवली. "माझ्या बापानं पाठवली. मद्रासहून. ह्यांचा धाकटा भाऊ. जिता हाय त्यो."

आण्णांचा चेहरा पांढरा पडला. सविताने डोळे मिटून घेतले. मला तिची दया आली, पण थांबणं जमलं नाही.

मुलाच्या मामांनी पोह्यांचा घास संपवला. "ठाऊक हाय की आम्हास्नी," ते म्हणाले. "जयसिंगपूर काय लांब हाय व्हय? बारक्या मद्रासला हाय, सगळ्यास्नी ठाऊक हाय. म्हातारीनं रीत म्हणून इचारलं, आण्णांनी रीत म्हणून सांगितलं. चहा आणा."

चहा आला. लग्न ठरलं. कुणाला काहीच वाटलं नाही. माझे बाबा जिवंत आहेत हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि ते मेलेलेच सगळ्यांना सोयीचे होते. ओरडावं, बशा फोडाव्यात असं वाटलं. मी बॅग घेऊन बाहेर पडले. काकू दारापर्यंत आल्या. "लग्नाला ये गं," म्हणाल्या.

"बाबांना बोलावणार?"

"त्येचं बघू," त्या म्हणाल्या आणि पदर सावरला.

घरी आल्यावर बाबांना जसं घडलं तसं सांगितलं. त्यांनी पाय उशीवर नीट ठेवला. "ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "तुझ्या जल्माआधीपासनं."

"मग मला कशाला पाठवलंत?"

"तुला तरी घरात घेतील वाटलं."

त्या क्षणी मला सर्वांत जास्त राग बाबांचा आला. आण्णांपेक्षाही जास्त. ज्यांनी त्यांना जिवंतपणी मारलं, त्यांच्यावर बाबांचा आवाजसुद्धा चढला नव्हता.

आता कुणी विचारतं, हुपरी कशी आहे? मी सांगते, गाव छान आहे, माणसं पोटभर वाढतात. सविताच्या लग्नाला मी गेले नाही. मनातला राग अजून आहे, आणि तो घालवायची मला घाई नाही. बाबांना मेलेलं ठरवल्याचा राग हुपरीच्या त्या घरातल्या कुणालातरी यायला हवा होता.