डाव्या पायाचं काम

गाडीत पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवणार आहे, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा माझ्या डाव्या पायाला अजून प्लास्टिकची पट्टी बांधलेली होती. कमरेतली चकती सरकली, ऑपरेशन झालं, दुखणं गेलं, पण पाऊल काही पूर्ण परत आलं नाही. चालताना चवडा खाली लोंबायचा आणि गालिच्याच्या काठाला अडकायचा. अशा पायाची बाई ऑटोमॅटिक गाडी सोडून क्लचची करायला निघाली म्हटल्यावर यजमानांनी चहाचा कप खाली ठेवला. "तुला विश्रांतीची गरज आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, "अहो, आठ महिने तेच करतेय."

गाडी माझी. जर्मनीत, गेर्लिंगेनच्या एका मोठ्या कंपनीत, चाचणी विभागात मी जन्म घालवला. पन्नाशी गाठली तेव्हा स्वतःला बक्षीस म्हणून ही घेतली. श्टुटगार्टजवळच्या छावणीतला एक अमेरिकन सैनिक मायदेशी परत जाताना ती विकून गेला होता. आठ सिलिंडर, लांबलचक बॉनेट, आमच्या सोसायटीच्या गॅरेजमध्ये जेमतेम मावणारी. तीन गिअरचं ऑटोमॅटिक होतं. आउटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर, शंभराच्या पुढे गेलं की इंजिन असं बोंबलायचं की शेजारच्या माणसाशी बोलता येत नसे. मी आजारी पडायच्या आधीच तो ऑटोमॅटिक बॉक्स घसरायला लागला होता, आणि मी हॉस्पिटलमधून घरी आले त्या सुमाराला त्याने मान टाकली. सगळ्यांना वाटलं, बरं झालं, दुसरा ऑटोमॅटिकच बसवून घेईल.

तेवढ्यात लायसन्सचं प्रकरण उभं राहिलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुन्हा गाडी चालवण्याआधी फ्युररशाइनश्टेलेला, म्हणजे लायसन्सच्या ऑफिसला, कळवा. कळवलं. उत्तर आलं, अगदी सभ्य भाषेत. "फक्त ऑटोमॅटिक" असा शेरा लायसन्सवर घालून घेतलात तर विषय संपला. तो नको असेल तर डॉक्टरी तपासणीचा अहवाल आणावा लागेल आणि गिअरच्या गाडीवर फारप्रोबे द्यावी लागेल, म्हणजे परीक्षकाला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवायची. त्यात नापास झाले तर तो शेरा पडेल तो कायमचा.

मुलगी बाड हॉम्बुर्गला असते. तिच्या बोलण्यात "आई" एवढाच शब्द मराठी, बाकी सगळं जर्मन. "आई, घालून घे ना शेरा. आजकाल सगळेच ऑटोमॅटिक चालवतात. तुला कशाला हवाय त्रास?"

हे "तुला कशाला" मी फार पूर्वी ऐकलंय. नाशिकला वडिलांनी मला जीप शिकवायला घेतली तेव्हा आमचे काका रोज अंगणात उभे राहून म्हणायचे, "पोरीला कशाला?" वडील त्यांना उत्तर द्यायच्या फंदात पडत नसत. ते मला सांगत, गिअर हाताने नाही, कानाने टाकायचा. इंजिन काय मागतंय ते ऐक. मी ऐकायला शिकले, आणि त्याच कानांवर पुढे तीस वर्षं पोट भरलं. काकांच्या बोलण्यात तुच्छता होती, मुलीच्या बोलण्यात माया. पण वाक्य तेच. आणि खरं सांगते, मायेने म्हटलेलं मला जास्त लागलं. तुच्छतेशी भांडता येतं. मायेशी भांडलं की आपणच वाईट ठरतो.

मी वाईट ठरायचं ठरवलं.

लेओनबेर्गच्या बाजूला एक मीटवेर्कश्टाट आहे. तिथे तासावर लिफ्ट भाड्याने मिळते आणि आपली गाडी आपण दुरुस्त करायची. एक म्हातारे श्वाबियन, म्हणजे इथल्याच मुलखातले, गृहस्थ तिथे रोज येऊन बसत. आयुष्यभर टूलमेकर होते, निवृत्तीनंतर घरी करमत नव्हतं. सगळे त्यांना माइस्टर, म्हणजे उस्ताद, म्हणत. कौतुक हा प्रकार या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. काम बिघडलं तर ते बोलत, नीट झालं तर हात पुसायला वळत. मी काय करणार आहे ते सांगितलं. त्यांनी माझ्या पायातल्या पट्टीकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "बेलहाउसिंग कुठून आणणार?" इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारं कवच ते. मला तो माणूस तिथेच आवडला.

गाड्यांची तपासणी करणाऱ्या इंजिनिअरकडे मी आधीच जाऊन आले. इथे करून मग विचारायला गेलं की गाडं अडतंच. त्याने कागद उलटसुलट करून मान डोलावली. मग आखनजवळच्या एका माणसाकडून जुना गिअरबॉक्स, बेलहाउसिंग, क्लच ज्यावर बसतो ते फ्लायव्हील आणि पेडल असा आख्खा संच आणला. त्याच्याबरोबर क्लचची जुनी प्रेशर प्लेट आली, बोटांसारख्या तीन दांड्यांची, त्या काळातली. क्लचचं पेडल किती जड लागणार ते या प्लेटच्या स्प्रिंगवर ठरतं, आणि तसल्या प्लेटी जड म्हणून प्रसिद्ध आहेत.

इथे मी कच खाल्ली. कुणाला न सांगता एक नवी प्लेट मागवली, वेगळ्या बनावटीची, पेडल निम्म्याने हलकं करणारी. पार्सल वर्कशॉपच्या पत्त्यावर, माझ्या नावाने. माइस्टरना सांगितलं, "ही बसवायची. आणि घरी कुणाला कळता कामा नये." घरात एवढी बढाई मारून झाल्यावर मी पायाला सवलत मागतेय, हे मला माझ्यापाशीही कबूल करायचं नव्हतं. "जा," माइस्टर म्हणाले, म्हणजे हो, आणि खोकं शेल्फवर ठेवलं.

काम हिवाळाभर चाललं. जुना बॉक्स उतरवला. पेडल लावायला डॅशबोर्डखाली मी उताणी पडून काम केलं, पाठीखाली उशी घेऊन. सर्वांत अवघड दिवस गिअरच्या दांड्यासाठी तळाचा पत्रा कापायचा. त्या दिवशी यजमान मला सोडायला आले ते थांबलेच. मी पत्र्यावर खडूने गोल काढला. ते म्हणाले, "एकदा कापलं की परत जोडता येणार नाही हं." मी म्हटलं, "म्हणूनच कापतेय." माइस्टरनी कटर माझ्या हातात दिला. ठिणग्या उडाल्या आणि पत्र्याची चकती खाली पडली. ती मी अजून जपून ठेवलीय.

क्लच बसवायच्या दिवशी नेमकी माझी डॉक्टरी तपासणी श्टुटगार्टला निघाली. एका तरुण डॉक्टरबाईंनी माझा पाय वर खाली, आत बाहेर ढकलला. पाऊल वर उचलायची ताकद कमी आहे, पण खाली दाबायची बऱ्यापैकी आहे, असं त्यांनी लिहिलं. पुढचं फारप्रोबेत ठरेल. वर्कशॉपला परत आले तोवर गिअरबॉक्स वर चढलेला, बोल्ट घट्ट झालेले.

"प्लेट बसली?" मी विचारलं.

"जा. बसली."

मी ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि पेडल दाबलं. गेलं खाली, पण मांडीपर्यंत कळ आली आणि कानशिलावर घाम. माइस्टर दारापाशी उभे होते. त्यांनी बघितलं आणि हात पुसायला वळले. मी तशीच बसून राहिले. हलक्या प्लेटने माझी ही गत, तर जड प्लेटने काय झालं असतं? त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की सगळ्यांचं बरोबर आहे. घरी येऊन बाथरूममध्ये रडले. रडून झाल्यावर मात्र डोक्यात तिडीक गेली. हलका क्लचसुद्धा जमत नसेल तर मग पाय हवाय कशाला?

त्यानंतर रोज वर्कशॉपच्या आवारात जाऊन बसायची. रस्त्यावर न्यायची नाही, ते नियमात नव्हतं. गाडी जागच्या जागी, आणि मी क्लच दाबायची, सोडायची. चवडा पेडलच्या खाली अडकायचा, कारण पाऊल वर यायचंच नाही. मग मी आख्खा पाय मांडीतून उचलायला शिकले. पन्नास वेळा दाबलं की थांबायचं, थर्मासमधला चहा प्यायचा, पुन्हा पन्नास. मग आवारातल्या आवारात पहिला, दुसरा, रिव्हर्स. माइस्टर आपलं काम करत असत. कधी मान वर केली नाही.

एकदा यजमान म्हणाले, मी बघू का दाबून? बसले, दाबलं, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे फार जड आहे गं. माझासुद्धा पाय थरथरला."

मी भडकले. "अहो, मला घाबरवायला आता खोटंही बोलायला लागलात?"

"खोटं कशाला बोलू?"

"हे जड नाहीये. मला माहितीये हे जड नाहीये."

ते गाडीतून उतरले. दोन दिवस आमच्यात जेवायला वाढू का एवढंच संभाषण झालं. मला कसं माहीत, ते मी सांगू शकत नव्हते, म्हणून मला अजूनच राग येत होता.

फारप्रोबे वसंतात झाली, ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या गाडीत. शेजारी प्रशिक्षक, मागे परीक्षक. मी क्लच दाबला तर पेडल थेट तळाला जाऊन आपटलं, जणू त्याला काही जोडलेलंच नव्हतं. मी प्रशिक्षकाला विचारलं, "क्लच गेलाय का या गाडीचा?" तो म्हणाला, गाडी मागच्याच महिन्यात घेतलीय. मला वाटलं, आजकालच्या गाड्या म्हणजे खेळणीच. तासभर चढावर, सिग्नलला, गल्लीबोळात गाडी फिरवली. परीक्षकाने कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "तुमच्या डाव्या पायाला काय झालं होतं म्हणालात?" लायसन्सवर शेरा पडला नाही.

आमची गाडीही तपासणीत पास झाली. पहिल्यांदा आउटोबानवर पाचवा टाकला तेव्हा इंजिनाचा आवाज खाली उतरला आणि शेजारी बसलेल्या यजमानांचा श्वास मला ऐकू आला. त्यांनी दरवाज्याचं हँडल धरून ठेवलं होतं. पण हसत होते.

खरी गोष्ट कळली दसऱ्याच्या आदल्या दिवशी. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची हे मी या देशातही कधी सोडलं नाही. कंपनीत होते तेव्हा मोजमापाच्या यंत्राला गुपचूप फूल वाहायची. या वेळी हत्यारं वर्कशॉपमध्ये होती, म्हणून तिथे गेले. बागेच्या दुकानातून झेंडूची रोपं आणली होती, त्यांचीच फुलं खुडली. पूजा करायची तर हत्यारं आधी स्वच्छ हवीत, म्हणून मी माइस्टरचं शेल्फ रिकामं करायला घेतलं. ते कुरकुरले, पण थांबवलं नाही. मागच्या कोपऱ्यात एक खोकं होतं. वर माझं नाव. चिकटपट्टी उघडलेली होती. आत माझी हलकी प्लेट, तेलाच्या कागदात, कोरी करकरीत.

मी ते खोकं घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"आल्झो, त्याचं असं," माइस्टर म्हणाले. "फ्लायव्हीलची भोकं हिला जुळली नाहीत. नवी पाडायची तर ते परत बॅलन्सिंगला न्यावं लागलं असतं. जुनी चांगली होती. ती लावली."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"संध्याकाळी सांगणार होतो. पण तुम्ही येऊन बसलात आणि दाबलंत. गेलं खाली. मग सांगण्यासारखं काय राहिलं?"

माझ्या दोन्ही हातांत ते खोकं होतं, नाहीतर काय केलं असतं कुणास ठाऊक. माझ्या पायाबद्दल माझ्यामागे ठरवणाऱ्यांत आणखी एकाची भर. ती बाथरूममधली संध्याकाळ, यजमानांशी धरलेला अबोला, सगळं आठवलं. मी त्यांना ते सुनावलंही, चांगलं खणखणीत. त्यांनी ऐकून घेतलं. तो राग अजून पुरता गेलेला नाही आणि जावा असं मला वाटतही नाही. पण इतकी माणसं माझ्यावरचं वजन काढून घ्यायला धावत असताना या एकाने ते तसंच राहू दिलं, हेही तितकंच खरं आहे.

"बसवायची का आता?" त्यांनी खोक्याकडे बोट केलं. "करतो मी बॅलन्सिंगचं."

"नको," मी म्हटलं. पाने पुसून मांडले, हळदकुंकू वाहिलं, गाडीला झेंडूचा हार घातला. माइस्टर टोपी काढून बाजूला उभे राहिले.

संध्याकाळी खोकं घरी नेलं आणि जेवणाच्या टेबलावर यजमानांसमोर ठेवलं. सगळं सांगितलं, प्लेट गुपचूप मागवली होती इथपासून. त्यांनी प्लेट हातात घेतली, उलटसुलट करून बघितली.

"म्हणजे त्या दिवशी मी खोटं बोलत नव्हतो," ते म्हणाले.

"नव्हता."

"जड आहे क्लच."

"जड आहे," मी म्हटलं आणि किल्ली उचलली. "चला, बसा गाडीत."