चिमूटभर कॉफी

सुरतच्या डिंडोलीतल्या बायकांच्या मते इंदुबाईचं डोकं फिरलं होतं. जिथे चहाचं पातेलं दिवसभर स्टोव्हवरून उतरत नाही, त्या गल्लीत ही बाई कच्च्या बिया भाजायची, खलबत्त्यात कुटायची आणि पितळी फिल्टरमधून काळा अर्क थेंब थेंब गळेपर्यंत बसून राहायची. एवढ्यात माझा चार वेळा चहा होतो, असं शेजारीण म्हणाली की इंदुबाई तिलाच अर्धा कप द्यायची. शेजारीण तोंड वाकडं करून जायची.

खरं तर हा नाद तिच्या नवऱ्याचा, भगवानचा. तो उधन्याच्या लूम खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला होता आणि तिथे चिकमगळूरकडचा एक फिटर होता. गावाहून येताना तो कच्ची कॉफी आणायचा. त्यानेच भगवानला चटक लावली. तेव्हा धुराने डोळे चुरचुरतात म्हणून इंदुबाई घर डोक्यावर घ्यायची.

मग चौऱ्याण्णव साली प्लेग आला आणि अर्धं सुरत पळालं. भगवानने बायको-पोरींना ट्रकने गावी, दोंडाईच्याला धाडलं. घराला कुलूप लावून संध्याकाळच्या गाडीने येतो, म्हणाला. तो दोंडाईच्याला उतरलाच नाही. धाकट्या दिराने, भटूने, दवाखाने आणि चौक्या पालथ्या घातल्या. मेला म्हणावं तर प्रेत नाही, जिता म्हणावं तर चिठ्ठी नाही. इंदुबाईने मात्र ठरवून टाकलं होतं, तो जिता आहे. कुंकवाचा विषय काढणाऱ्याच्या ती अंगावर धावून जायची.

सुरतला परत आल्यावर तिने कढई चढवली ती घरात त्याचा वास राहावा म्हणून. पहिल्या खेपांचा नुसता कोळसा झाला. मग फिटरला विचारून विचारून ती शिकली. गोल दाणा वेगळा भाजायला लागली, चिकोरी मिसळणं सोडून दिलं. पुढे पुढे तर ती नवऱ्यापेक्षा कॉफीसाठीच भाजायची, आणि त्याची तिला जरा लाजही वाटायची.

एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. बियांची तडतड थांबली की तिच्या मागे कुणीतरी येऊन उभं राहायचं. भर सकाळी, पोरी ओट्यावर खेळत असताना. मानेला गरम श्वास लागायचा. त्याच क्षणी कढई उतरवली तर कॉफी बिनचूक व्हायची. वळून पाहिलं तर कुणी नसायचं. सुरुवातीला ती कढई टाकून ओट्यावर पळायची. नंतर तिची खात्री झाली की तो कुठेतरी जिता आहे आणि आपली आठवण काढतो आहे. त्या श्वासावर तिने अडीच वर्षं काढली.

सत्त्याण्णवच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भटू तिच्या घरी आला. खान्देशी माणसं या दिवशी आपल्या मेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि निखाऱ्यावर तूप-पुरणपोळीचा घास टाकतात. ती आगारी. ज्याचं नाव घेतलं तो आला की जाळ होतो. भटूने बापाच्या नावाची एकच घागर मांडली होती. भगवानच्या घागरीचं बोलायची त्याची छाती नव्हती.

त्याने बापाचं नाव घेऊन घास टाकला. नुसता धूर. दुसरा टाकला, वर तूप सोडलं. तरी धूरच. बाप कशावर रुसला हे भटूला कळेना. इंदुबाईने सकाळीच कॉफी भाजली होती आणि इतकी सुरेख उतरली होती की कौतुकाने तिने नैवेद्याच्या ताटात वाटीभर पूड ठेवली होती. काय मनात आलं कोण जाणे, तिने त्यातली चिमूट निखाऱ्यावर टाकली.

जाळ हातभर उभा राहिला. वारा नव्हता, तरी तो तिच्याकडे झुकला आणि मानेला तोच श्वास लागला. या खेपेला मागून नाही, समोरून.

भटूने हात जोडले. बाबा तृप्त झाले, म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. इंदुबाई जाळाकडे बघत बसली. इतकी वर्षं आपण कुणाला पाठीशी उभं करून ठेवलं होतं, ते तिला कळलं.

"बाबासनी जल्ममा कॉफीना वास बी लिधा नव्हता, भटूभाऊ," ती म्हणाली आणि मांडलेल्या घागरीशेजारी तिने जागा केली. "आखो एक घागर लई या."