काकांची धावपट्टी

माझ्या काकांनी मोटरसायकलचं इंजिन लावून घरीच विमान बनवलं आणि पिंपळनेरजवळच्या वावरात त्यासाठी धावपट्टी केली. रोलर फिरवून अशी टणक, की बायांचा जीव तिच्यावर जडला. ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापडच, वाळत घालायला इतकी स्वच्छ जागा गावात दुसरी नव्हतीच. काका रोज ओरडायचे आणि काकू रोज सांगायची, आज बिबडे आहेत, उद्या उडा.

एका सकाळी ते सगळ्यांच्या आधी उठले आणि खरंच उडाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. विमान डोंगरामागे दिसेनासं झालं तशी काकू म्हणाली, "चला, जागा मोकळी झाली." अर्ध्या तासात पट्टीभर साड्या अंथरून बिबडे घातले. मीही घातले, खोटं कशाला बोलू!

तेवढ्यात काका परत आले. वरून घिरट्या घालत जोरजोरात हातवारे करू लागले. आम्हीही आनंदाने हात हलवले. शेवटी ते शेजारच्या कांद्याच्या वावरात आदळले आणि लंगडत, शिव्या देत आले.

काकूने पिठाचे हात कमरेवर ठेवले. "परत येवानं व्हतं ते सांगीसन जावानं व्हतं ना!"