पलीकडचं मांजर
सुके बोंबील भाजल्याचा वास आला की समोरच्या चादरींच्या कारखान्याचा वॉचमन आठवतो आणि माझं डोकं फिरतं. दुपारी डबा खाऊन तो बोंबलाची डोकी फाटकाशी टाकायचा, आणि माझं मांजर भर अक्कलकोट रोड ओलांडून तिकडे धावायचं. एक दिवस टेम्पोचं चाक त्याच्या शेपटीवरून गेलं. तशीच अनवाणी, तापलेल्या डांबरावरून जाऊन मी ओरडले, "खायला टाकणं बंद करा!" तो म्हणाला, "तुमी बी दूद ठेवताय की. त्याच्यासाटीच परत पळतंय ते. तुमी बंद करा!" मेल्याचं खरं होतं. घरातून दुधाची वाटी आणून मी त्याच्याच फाटकाशी आपटली. तीन वर्षं झाली, मांजर तिथेच लठ्ठ होऊन बसलंय. त्या माणसाशी मी अजून बोलत नाही. मांजरालाही हाक मारत नाही. मारली तर रस्ता ओलांडून येईल.