आत्याबाईंची हाक

आत्याबाईंचा आवाज मी मुंबईत ऐकला, त्या जाऊन वर्ष होत आलं होतं तेव्हा.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. ताडकळसच्या बाजारात त्या वांग्याच्या भावावरून बोलायला लागल्या की पार पलीकडच्या पालातला कापडवाला मान वर करून बघायचा, असला आवाज. त्या आवाजाखाली मी अर्धा जन्म काढला. भाकरी करपली, दार उघडं राहिलं, काहीही असो, हाक माझ्याच नावानं.

एकाच माणसासाठी त्यांनी तो आवाज बंद केला होता, पोटच्या पोरीसाठी. माझ्या नणंदेनं मुंबईत नोकरी करता करता जातीबाहेरच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून घरात तिचं नाव काढायची चोरी. तिचा फोन आला तर मी अंगणात जाऊन बोलायची. भिंतीवरचा फोटोसुद्धा काढून टाकला. लय हट्टी बाई! आत्याबाई गेल्या ते बसल्या जागी. नणंद रेल्वेनं पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिनं मला चुलीपाशी गाठलं आणि एकच विचारलं, "वहिनी, शेवटी माझं नाव घेतलं का गं तिनं?"

गोड खोटं बोलता आलं असतं. मला नाही येत तसलं. "न्हाई ताई," मी म्हणाले. पुढं दर फोनला, इकडचं तिकडचं बोलून झालं की ती त्यावरच यायची. "नीट आठव ना वहिनी. एकदा तरी?"

आता नाटकाचं सांगते. आत्याबाई जायच्या आधीच्या उन्हाळ्यात मुंबईची एक नटी आमच्याकडे पंधराएक दिवस राहून गेली होती. तिला नाटकात आमच्या भागातली बाई करायची होती आणि भाषा पुस्तकातून नको होती. कुणाच्या तरी ओळखीनं आली. आत्याबाई आधी फिस्कारल्या, "बोलायला शिकायला एवढ्या लांब आली? येडी का खुळी?" पण दोन दिवसांत तिला असं पंखाखाली घेतलं की मी बघतच राहिले. "आम्ही न्हाई गं, आमी म्हन. जाते आहे काय, जायलीय म्हन." मी दिवसभर अंगणवाडीत, नवरा शेतात. घरी त्या दोघीच.

त्याच दिवसांत शेजारची म्हातारी मला म्हणाली, "तुमची नणंद आलीय का? दुपारची तिच्या नावानं हाक ऐकू येती तुमच्या घरातून." माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मग म्हटलं, हिचे कान कधीचे गेलेत, ही काय ऐकणार! दिलं सोडून.

नाटक उभं राहिलं तेव्हा आत्याबाई नव्हत्या. नटीनं मला दोन पास पाठवले. मी मुंबई गाठली. नणंद यायलाच तयार नव्हती. "मला नाही बघवणार," म्हणाली. मी म्हटलं, "मग डोळे मिटून बस, पण चल."

नाट्यगृह कसलं, काळा रंग दिलेली एक खोली. बाहेर खादीतली माणसं कोरा चहा पीत उभी होती. एक जण दुसऱ्याला सांगत होता, ग्रामीण दुःखाचा पोत फार अस्सल पकडलाय म्हणे. पोत! सुती का रेशमी, असं विचारणार होते, तेवढ्यात नणंदेनं चिमटा काढला.

आत दिवे गेले. मिट्ट काळोख. आणि त्यातून आवाज आला, "कोन हाय गं दारात? मुकी हायस का?"

माझा हात आपोआप डोक्यावर पदर घ्यायला गेला. अंगात पंजाबी ड्रेस! नणंदेनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. उजेड आला तर समोर तीच नटी, पण रागाचं काही बोलायच्या आधी पदराच्या टोकानं ओठ पुसायची ती सवय, गुडघ्यावर हात देऊन उठणं, सगळं आत्याबाईंचं. मला भीती वाटली, खरं सांगते. आमचं माणूस राख होऊन गेलं होतं आणि इथं अनोळखी लोकांसमोर हिंडत होतं. लोक टाळ्या वाजवत होते. आम्ही दोघी गारठून बसलो होतो.

नाटक संपल्यावर आम्ही रंगपटात गेलो. नटी आरशापुढं कुंकू पुसत होती. "वहिनी, जमलं का हो?" तिनं विचारलं. मग तिची नजर माझ्या मागं गेली. मी अजून ओळख करून दिली नव्हती, तरी तिनं नणंदेचं नाव घेतलं. "तूच ना ती?"

"तुम्हाला कसं माहीत?" नणंद म्हणाली.

"तुझ्या घरी माझं तेच नाव होतं." नटीनं हातातला कापूस खाली ठेवला. "पहिल्याच दिवशी आजी म्हणाल्या, शिकवते, पर माझं एक काम कर. घरात कुनी नसलं की मी तुला माझ्या पोरीच्या नावानं हाक मारीन, तू नुसती ओ दे. कुनाला सांगू नगंस, असं बजावलं होतं त्यांनी. पण आता तूच समोर आलीस, कुणापासून लपवू?"

म्हणजे शेजारच्या म्हातारीचे कान शाबूत होते. मला असा राग आला आत्याबाईंचा! एवढं होतं तर फोन उचलायचा की हो! परक्या पोरीकडून ओ घेतली आणि हिला तशीच ठेवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी मनातल्या मनात त्यांच्याशी कडाकडा भांडत होते.

नणंद म्हणाली, "मला मारा ना तशी हाक. एकदाच."

नटी आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. पदराच्या टोकानं ओठ पुसले. आणि त्या आवाजात, त्या ताडकळसच्या बाजारातल्या आवाजात, नणंदेच्या नावानं हाक आली.

"ओऽऽ आई! आले गंऽऽ!" नणंद ओरडली, शेताच्या पार बांधावरून ओरडावं तशी.

बाहेर चहा पिणाऱ्यांना वाटलं, आत तालीम चाललीय. कुणीतरी टाळी वाजवली.

नटी वळली तेव्हा तिचा चेहरा ओला होता. "हीच," ती म्हणाली. "हीच ओ मला रोज शिकवायच्या. शेवटपर्यंत नाही जमली. म्हणायच्या, असू दे पोरी, ती तिलाच येती."